डोळखांबकडून जुन्नरला

जुन्नरला बहुतेक माणसे पुण्याहून जातात. चाकण, मंचर, नारायणगाव करत शिवनेरीच्या पायथ्याशी पोहोचायचे, गड चढायचा, लेण्याद्रीच्या गणपतीला नमस्कार करायचा आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा पुण्याचा रस्ता धरायचा. यात वाईट काही नाही. पण जुन्नर ज्या वाटेमुळे शहर झाले, ती वाट पुण्याकडून येत नाही. ती कोकणातून वर चढते. कल्याणच्या खाडीत उतरलेला माल मुरबाडच्या रानातून नाणेघाटाच्या तोंडाशी यायचा, घाट चढून जुन्नरला पोहोचायचा आणि तिथून पुढे पैठण, तेरकडे जायचा. शहापूर-मुरबाडच्या आम्हा माणसांना ही वाट घराजवळची. म्हणून शहापूर तालुक्यातल्या डोळखांबकडून जुन्नरला कसे जावे, वाटेत कुठे टेकावे, वर गेल्यावर कुठे राहावे आणि कशाने फिरावे, हे जरा सविस्तर लिहितो आहे. शहराला त्याच्या पुढच्या दाराने भेटायचे असेल, तर हीच वाट धरावी.

आम्ही चौघे निघालो होतो: दादा, वहिनी, माझी पुतणी आणि मी. दिवाळी होऊन गेली होती, भातकापणी उरकत आली होती आणि डोळखांबच्या आसपास खळ्यांवर झोडणी चालू होती. या प्रवासाला हाच काळ सगळ्यांत चांगला. पावसाळ्यात नाणेघाटाचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते, ते बघायला शनिवार-रविवारी एवढी गर्दी होते की लेख वाचायला गुहेत उभे राहता येत नाही. धोक्याच्या जागांवर जिल्हा प्रशासन बऱ्याचदा बंदीचे आदेशही काढते. फाल्गुनानंतर घाटाच्या पायथ्याचे रान तापते आणि पाणी मिळत नाही. कार्तिक ते माघ हे दिवस धरावेत. त्यातही १९ फेब्रुवारीच्या आजूबाजूचे दिवस, शिवजयंतीला गडावरच जाणार नसाल, तर टाळावेत. त्या दिवसांत जुन्नरमध्ये खोली मिळणे फार अवघड.

मुंबईकडून येणाऱ्याने कसारा लोकल धरून आसनगावला उतरावे. शहापूर तिथून जवळ आहे, रिक्षा मिळतात. शहापूरच्या स्टँडवरून एसटी आणि जीप डोळखांबकडे येतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि तो आमच्या शहापूर तालुक्यातूनच जातो. पण या रस्त्याने नागपूर जवळ आले, डोळखांब नाही. इथला प्रवास अजून एसटीच्या आणि जीपच्या वेळेवरच चालतो.

डोळखांबमध्ये हॉटेल शोधत बसू नये. चहा-वडापाव मिळेल, जेवणही मिळेल, पण राहण्यासाठी खोली हवी असेल तर शहापूरला किंवा महामार्गावर राहावे लागते. ज्यांना साधेपणाची सवय आहे त्यांनी पुढे डेहण्याला जावे. आजोबाच्या डोंगराच्या पायथ्याचे हे गाव. डोंगर चढायला येणाऱ्या पोरांना इथली घरे जेवू घालतात, आणि वर वाल्मिकींच्या आश्रमाच्या जागी रात्र काढायला निवारा आहे. सीतेने लव-कुशांना इथे वाढवले असे इथले लोक मानतात, कड्यातल्या एका खोबणीला सीतेचा पाळणा म्हणतात. या पट्ट्यातून सह्याद्रीची भिंत समोर उभी दिसते. ती पाहिली की वरचा देश आणि खालचे कोकण यांच्यामध्ये वाट काढणे केवढे कठीण होते हे डोळ्यांनीच कळते. नाणेघाटाचे महत्त्व समजून घ्यायला ही भिंत आधी पाहायला हवी.

राहण्याबद्दलचा माझा सगळ्यांत मोठा सल्ला इथेच सांगून टाकतो. ग्रामीण भागात मुक्काम ठरवताना खोली कशी आहे हे नंतर बघावे, सकाळची पहिली गाडी कुठून सुटते ते आधी बघावे. एसटीच्या काही गाड्या संध्याकाळी गावात येऊन रात्रभर तिथेच थांबतात आणि पहाटे निघतात. वस्तीची गाडी म्हणतात तिला. ती ज्या गावात थांबते त्या गावी किंवा तिच्या वाटेवर आपला मुक्काम असला, तर अख्खा दिवस हातात येतो. तसे नसेल, तर चांगल्या गादीवर झोपूनही दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा स्टँडवर वाजतात. शाळेची पोरे, दूधवाले, तालुक्याला दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या या सगळ्यांना त्या गाडीची वेळ पाठ असते. त्यांना विचारावे.

डोळखांबहून मुरबाडच्या बाजूला जायचे तर शेणवे, किन्हवली करत सरळगावला निघता येते. टोकावड्याकडे उतरणारा दुसरा रस्ताही आहे, पण त्यावर गाड्या कमी. सरळगावला पोहोचलात की तुम्ही कल्याण–नगर रस्त्यावर आलात आणि मग चिंता उरत नाही. कल्याणहून माळशेज चढून वर जाणाऱ्या एसट्या इथून जातात: कुणी जुन्नरला, कुणी आळेफाट्याला, कुणी थेट अहिल्यानगरला.

इथे आमची दोन टोळकी झाली. वहिनींचे गुडघे घाट चढू देणारे नव्हते आणि दादा त्यांना एकट्या सोडणार नव्हता. त्यांनी माळशेजमार्गे एसटीने जायचे आणि पुतणीने व मी वैशाखऱ्याच्या पुढे उतरून नाणेघाट चढायचा, असे ठरले. "भाऊजी, पोरीला पाणी भरपूर द्या आणि अंधार पडायच्या आत घाटघरला पोहोचा," एवढे सांगून वहिनी खिडकीपाशी बसल्या. वयस्कर माणसे बरोबर असतील त्यांनी अशीच वाटणी करावी. घाट चुकला म्हणून जुन्नर चुकत नाही. एसटीने जाणे खिशालाही जड नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ हवे, एवढेच.

माळशेज घाटाचा रस्ता त्या दोघांना फार आवडला. घाट चढून गाडी वर आली की पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय लांबवर पसरलेला दिसतो आणि त्याच्या मागे हरिश्चंद्रगडाची रांग. घाटमाथ्यावर पर्यटन विकास महामंडळाचे निवास आहे. स्वतःची गाडी असेल आणि धुके बघत निवांत बसायचे असेल तर ती जागा चांगली. एसटीने फिरणाऱ्याला मात्र तिथून जुन्नर रोज गाठणे गैरसोयीचे. जुन्नरला जाणाऱ्यांनी पुढे बनकर फाट्यावरून वळायचे असते. गाडी थेट जुन्नरची नसेल तर कंडक्टरला आधी सांगून तिथे उतरावे, फाट्यावर जुन्नरकडे जाणारे वाहन मिळते.

पुतणी आणि मी वैशाखऱ्याच्या पुढे उतरलो, तिथून रानातली पायवाट सुरू होते. पहिला भाग जवळजवळ सपाट, साग आणि ऐनाच्या झाडीतून जाणारा. मग चढ लागतो आणि त्यानंतर पायाखाली दगड बदलतो. मातीतून बसवलेले, माणसाच्या हाताने रचलेले काळे दगड, वळणावळणाने वर चढत गेलेले. चालण्याची सवय असेल त्याला तळापासून माथ्यापर्यंत अडीच-तीन तास पुरतात. वर जाताना डोक्यावर नानाचा अंगठा हा कडा सतत दिसत राहतो, त्यामुळे दिशा चुकत नाही. कातळात खोदलेली पाण्याची टाकी वाटेत आहेत. पाणी मात्र आपापले न्यावे.

या दगडांवरून चालताना पुतणीने रोमच्या आपिया मार्गाचा विषय काढला. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये सुरू झालेला तो रस्ता रोमहून दक्षिणेकडे जातो, आणि युनेस्कोने २०२४ साली त्याला जागतिक वारशात घेतले. त्याची फरसबंदीही ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची, आपल्या घाटासारखीच. "काका, एकाच व्यापाराची ही दोन टोके," ती म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात कल्याणचे नाव बाजारपेठ म्हणून येते. त्याच्या काळात तिथला कारभार बदलला होता, आणि कल्याणला लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्याने नोंदवले आहे. बंदर ताब्यात असणे म्हणजे काय, हे त्यासाठी भांडणाऱ्या सातवाहन आणि क्षत्रप या दोन्ही राजसत्तांना ठाऊक होते. या भांडणात वर-खाली होणारा माल ज्या अरुंद फटीतून जायचा, ती फट म्हणजे आमचा नाणेघाट.

माथ्याच्या थोडे अलीकडे ती गुहा आहे. चौकोनी खोली, तीन बाजूंना दगडी ओटा, आणि डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी. हा सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख. अभ्यासक तो साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना वंदन आहे. मग यज्ञांची यादी येते, त्यात अश्वमेध आहे, राजसूय आहे, आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे यांचे आकडे आहेत. आपल्याकडे अंक कसे लिहीत याचा फार जुना पुरावा म्हणून गणिताचा इतिहास लिहिणारे या भिंतींकडे येतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज त्यांची फक्त पावले उरली आहेत, पण वरची नावे वाचता येतात: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (हीच नागनिका) आणि राजा सिरी सातकनि, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. १८२८ मध्ये विल्यम साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो बारकाईने वाचला.

मला या गुहेत आले की त्या राणीबद्दल फार आदर वाटतो. अशा गजबजलेल्या वाटेवर, जिथे प्रत्येक व्यापारी दम खायला थांबणारच, तिथे तिने आपल्या घराण्याचे नाव आणि दानधर्म कोरून ठेवला. थकलेल्या माणसाला सावली आणि ओटा दिला, आणि बसल्या बसल्या वाचायला राज्याचा इतिहास दिला. आजही दमलेली माणसे तिथेच बसतात. त्यांनी भिंतीला हात लावू नये, चूल पेटवू नये आणि रात्री गुहेत पथारी टाकू नये. धुराने अक्षरे जातात, आणि ती पुन्हा कोरायला कुणी येणार नाही.

गुहेपासून वर कड्यातली अरुंद फट चढली की माथा. तिथे मोठा दगडी रांजण आहे. घाटाची जकात याच रांजणात टाकली जायची, असे इथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. समोर जीवधन किल्ला आणि त्याला लागून उभा वानरलिंगीचा सुळका. मागे वळून पाहिले तर आपण जिथून आलो ते मुरबाडचे रान खाली पसरलेले.

माथ्यावर पठार आहे आणि पुढे घाटघर गाव. इथे मुक्कामाची सोय आहे, घरगुती. महादेव कोळी समाजाची ही वस्ती. ज्यांच्याकडे आम्ही राहिलो त्या मावशींनी नाचणीची भाकरी, इंद्रायणीचा भात, वरण आणि लसणाची चटणी वाढली. त्यांच्या अंगणात बसून बाळहिरड्याच्या गोष्टी ऐकल्या. उन्हाळ्याच्या तोंडाला हिरड्याची कोवळी फळे गोळा करायची, वाळवायची, व्यापाऱ्याला विकायची. वर्षाच्या रोख पैशाचा मोठा भाग त्यातून येतो. अशा घरी राहायचे तर आदल्या दिवशी फोन करून किती माणसे, जेवण काय, हे सांगावे आणि पैशाचे आधीच बोलून घ्यावे. तंबूंची सोयही हल्ली बरीच झाली आहे. पण सोय सारखी असेल तर घरालाच प्राधान्य द्यावे असे मला वाटते. पैसे थेट गावात राहतात, आणि सकाळच्या गाडीची खात्रीची वेळही त्या घरातच कळते. मावशींनी रात्रीच सांगून ठेवले, "दादा, गाडी लवकर लागते, हाक मारीन मी. ती गेली तर मग दुपारपर्यंत काही नाही."

घाटघर ते जुन्नर सुमारे तीस किलोमीटर. दादा-वहिनी आदल्या रात्री जुन्नरला पोहोचले होते आणि स्टँडजवळच्या एका लॉजवर राहिले होते.

जुन्नरमध्ये राहण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, स्टँडच्या आसपासचे लॉज. खोल्या साध्या, पण एसटी, रिक्षा, खानावळ सगळे पायाखाली. शिवनेरीचा पायथा इथून दोन-तीन किलोमीटर, चालतही जाता येते. खोली घेण्याआधी आतून पाहावी, पाणी किती वाजता येते ते विचारावे आणि रस्त्याच्या बाजूची खोली टाळावी. दुसरी, लेण्याद्रीच्या पायथ्याचे देवस्थानाचे भक्तनिवास. कुटुंबासाठी ही जागा मला अधिक आवडते. स्वच्छता बरी असते, आवार मोकळे असते आणि सकाळी ऊन चढायच्या आत पायऱ्या चढता येतात. चतुर्थी, माघी गणेश जयंती आणि भाद्रपदात मात्र तिथे जागा मिळेल असे धरून चालू नये. ओझरलाही विघ्नहराचे भक्तनिवास आहे, पण ते जुन्नरपासून लांब पडते. तिसरी तऱ्हा म्हणजे शेतावरचे कृषी पर्यटन. मार्च २०१८ मध्ये जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि द्राक्षबागा, ऊस, धरणाचा काठ अशा जागी अशी घरे उभी राहिली. तिथे जायला स्वतःचे वाहन लागते.

आणि बिबट्याची आठवण ठेवावी लागते. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, माणसांवर हल्लेही झाले आहेत. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारण केंद्र आहे. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पहाटे आणि दिवेलागणीला उसाच्या कडेने एकट्याने चालू नये, लहान मुलांना पुढे पळू देऊ नये, शेतावर राहत असाल तर रात्री अंगणात झोपू नये, एवढे पाळले म्हणजे झाले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला एक वयस्कर बिबट्या माळशेज घाटात सोडला होता. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासगटाने त्याला पट्टा बांधला होता, आणि तो कसाऱ्याचे रूळ ओलांडून, वसईची खाडी पार करून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याचे नाव आजोबा ठेवले होते. आमच्या डोंगराच्या बाजूने तो गेला असेल, या विचाराने डोळखांबच्या माणसाला त्याच्याबद्दल जरा जास्तच माया वाटते.

जुन्या गावात गाडी घालू नये. गल्ल्या अरुंद, बाजाराच्या दिवशी तर पायी चालणेही सावकाश होते. इटलीतल्या फ्लॉरेन्ससारख्या शहरांनी जुन्या भागात परवान्याशिवाय गाडीला बंदीच केली आहे. कॅमेऱ्याने नंबर टिपला जातो आणि दंड घरी येतो, म्हणून तिथे जाणारे प्रवासी स्टेशनजवळ खोली घेतात आणि शहर पायी बघतात. जुन्नरला बंदी नाही, पण शहाण्या प्रवाशाने तोच नेम स्वतःहून पाळावा. गाडी स्टँडच्या बाजूला लावावी आणि जुना बाजार, पाणवठे, कमानी पायी बघाव्यात. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली तेव्हा तिचा पाया याच शहरात होता. अहमदनगर नंतर वसले. पुढे जुन्नरी कागद दूरवर जात होता, पेशवाईतली दप्तरे त्यावर लिहिली गेली. हे सगळे गल्लीतून चालतानाच समजते. दुपारी मासवडी आणि रस्सा मागवावा. नाव मासवडी असले तरी ती बेसनाची, पूर्ण शाकाहारी, आणि या भागातली खासच.

लेण्यांसाठी एक दिवस वेगळा ठेवावा, आणि त्या दिवशी रिक्षा दिवसभरासाठी ठरवावी. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत आणि ती एका जागी नाहीत: लेण्याद्री उत्तरेला, मानमोडी दक्षिणेला, तुळजा लेणी पश्चिमेला, आणि शिवनेरीच्या अंगाखांद्यावर आणखी. प्रत्येक ठिकाणाहून परत स्टँडवर येऊन दुसरी रिक्षा करत राहिले तर वेळ आणि पैसे दोन्ही जातात. कोणत्या लेण्यांपर्यंत रिक्षा जाते, पुढे किती चालायचे, थांबण्याचे किती, हे आधीच बोलून घ्यावे. मानमोडीच्या वाटा झुडपांत हरवतात, बरोबर गावातला माणूस घ्यावा. दिवस कमी असेल तर लेण्याद्री आणि तुळजा एवढेच करावे. तुळजा लेण्यातले गोल चैत्यगृह, बारा खांबांच्या वर्तुळात उभा स्तूप, तसे दुसरीकडे सहज बघायला मिळत नाही.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वहिनी हळूहळू, मध्ये बसत चढल्या. खाली डोलीची सोय मिळते, ती त्यांनी घेतली नाही. तिथे तीस लेणी आहेत. गिरिजात्मज गणपती सातव्या लेण्यात आहे, आणि तो मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. मोठ्या सभागृहाभोवती वीस खोल्या आहेत. देवदर्शन झाल्यावर बहुतेक लोक तसेच खाली उतरतात. त्यांनी शेजारच्या सहाव्या लेण्यात अवश्य जावे. ते चैत्यगृह आहे, आणि दारावरच्या लेखात दात्याचे नाव आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. आम्ही जिथून निघालो त्याच कोकणातला हा माणूस. त्याने इथे डोंगरात देऊळ कोरून घ्यायला पैसे दिले. दादा त्या अक्षरांखाली बराच वेळ उभा होता. "आपल्याकडचा," एवढेच म्हणाला.

दूरदेशीची नावेही आहेत. जुन्नरच्या लेण्यांत तीन लेखांत दाते स्वतःला यवन म्हणवतात: इरिल, चिट आणि चंद. कुणी पाण्याचे टाके दिले, कुणी भोजनगृह दिले. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचाही लेख मानमोडीला आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. हे लेख एकत्र वाचले की त्या काळचे जुन्नर दिसू लागते. इथे येणारा व्यापारी नफ्यातला वाटा काढून वाटसरूंना आणि भिक्खूंना पाणी, छप्पर, जेवण देत होता. पावसाळ्याचे चार महिने वाटा बंद व्हायच्या, भिक्खू एका जागी थांबायचे, आणि त्यांच्या वर्षावासाची सोय करणे हे पुण्याचे काम होते. खोलीत दगडी ओटा, बाहेर पाण्याचे टाके, चालत जाता येईल अशा अंतरावर गाव. मुक्कामाला याहून जास्त काय लागते, हे त्या लोकांनी फार नीट जाणले होते.

या व्यापारात इकडून रोमकडे काय गेले, हेही आता ठाऊक आहे. १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई शहरात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचलेली होती. तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिकडून आलेल्या वस्तूही आपल्याकडे आहेत: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली, आणि नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांचे तुकडे. रोम-नेपल्सला जाऊन येणारी मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. त्यांनी नेपल्सच्या संग्रहालयात त्या मूर्तीसमोर उभे राहावे, आणि त्याआधी किंवा त्यानंतर जुन्नरला यावे.

शिवनेरीसाठी सकाळ ठेवावी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत शिवनेरी आहे, आणि तेव्हापासून गर्दी वाढली आहे. पायऱ्यांच्या वाटेवर सात दरवाजे लागतात, ती वाट वयस्करांनाही जमते. साखळीची वाट दमदार माणसांनी, तीही कोरड्या दिवसांतच धरावी. शिवाई देवी, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, मग शिवरायांचे जन्मस्थान. १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस इथला. आम्हा शहापूरकरांना या गडावर आणखी एक गोष्ट आठवते. निजामशाही बुडत असताना शहाजीराजे छोट्या निजामशहाला घेऊन आमच्या माहुली किल्ल्यावर आले, आणि १६३६ मध्ये मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यात त्यांना तिथेच तह करावा लागला. शिवनेरी आणि माहुली हे दोन्ही गड एकाच प्रवासात केले, तर त्या सहा वर्षांचा इतिहास पायांना समजतो. माहुलीचा पायथा आसनगावपासून जवळ आहे, तो परतीच्या दिवशी बसतो.

परत येताना आम्ही चौघेही एसटीने माळशेजमार्गे उतरलो. जुन्नरहून कल्याणकडे जाणारी गाडी दुपारीच धरावी. सरळगावला उजेडात उतरले तर किन्हवली, शेणव्याकडे जाणारी जीप मिळते. संध्याकाळनंतर ती भरेपर्यंत थांबते, आणि कधी भरतच नाही. उशीर झालाच तर सरळगावला ताटकळत बसू नये. त्याच एसटीने मुरबाडला किंवा कल्याणला जाऊन रात्र काढावी आणि सकाळच्या पहिल्या गाडीने डोळखांबकडे निघावे.